सुरगाठ आणि निरगाठ

आपल्या मराठीत 'गाठ' या शब्दाचे राज्य मोठे आहे. दोन माणसांची गाठ पडते, चार पैसे गाठीला असतात, अनुभव गाठीशी बांधला जातो, आणि रागाच्या भरात आपण 'माझ्याशी गाठ आहे' असे बजावूनही ठेवतो. दोराच्या गाठीतसुद्धा आपल्या पूर्वजांनी भेद केला. एक टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, आणि नखे झिजली तरी सुटत नाही ती निरगाठ. परंतु हाच शब्द एखाद्या सकाळी स्वतःच्या शरीरासंबंधाने मनात उमटला म्हणजे त्याचे सारे विनोद आटतात. आज मला बोलायचे आहे ते अशाच गाठीविषयी, म्हणजे मानेत किंवा गळ्याशी हाताला लागणाऱ्या गाठीविषयी. मी वैद्य नाही. सरकारी कचेरीत कागद चालविणारा मनुष्य आहे. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच, की अशी एक गाठ मी स्वतःच्या मानेवर वागविली, आणि त्याहून वाईट म्हणजे ती लपविली.

दिल्लीच्या दक्षिण भागात मुनिरका नावाची वस्ती आहे. रस्त्याच्या एका अंगाला सरकारी योजनेतून बांधलेली घरे, दुसऱ्या अंगाला मूळचे मुनिरका गाव. त्या गावाच्या शेतांवर शहर उभे राहिले, आणि गाव मात्र आपल्या अरुंद गल्ल्यांसह मध्येच अडकून पडले. समोरासमोरच्या घरांचे सज्जे हातभर अंतरावर आलेले. भर दुपारी जिन्यात दिवा लावावा लागतो. तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली माणसे खोल्या घेऊन राहतात. मी राहतो तो भाग जरा मोकळा. तेथेच एका हिवाळ्यात, सकाळी दाढी करीत असताना, उजव्या जबड्याखाली करवंदाएवढे काहीतरी बोटाला लागले. दुखत नव्हते. दाबले तर जरा सरकत होते. मी वस्तरा धुतला आणि कचेरीत गेलो.

पुढचे अडीच महिने मी काय केले, तर गळपट्टा गुंडाळला. दिल्लीच्या थंडीत त्याचे कोणाला नवल वाटत नाही. पत्नीला सांगितले नाही, कारण ती घाबरेल. डॉक्टरांकडे गेलो नाही, कारण ते काय सांगतील याची मलाच भीती. दिवसातून वीस वेळा बोट तेथे जाई. एका ओळखीच्या गृहस्थांनी, मी परक्याची म्हणून सांगितलेली हकीकत ऐकून, कसलासा लेप सुचविला. तोही रात्री चोरून लावून पाहिला. करवंदाची सुपारी झाली, आणि तिच्याशेजारी आणखी एक बारीक गाठ आली.

माघ संपता संपता वाईहून आई आली. दुसऱ्याच दिवशी तिने मला खिडकीशी बसविले आणि म्हणाली, "अरे, मान इकडे कर." तिने गाठीवरून हात फिरविला, आणि मग ती बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी तिने मला तिच्या थोरल्या बहिणीविषयी सांगितले. या मावशीला मी पाहिलेले नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, आणि त्यात तिने पदर मानेभोवती घट्ट लपेटून घेतलेला आहे. तिला गंडमाळ झाली होती. कोणी मंतरलेला दोरा बांधला, कोणी तापल्या सळईने डागले, कोणी गाठ चिरली. ती जखम पुढे भरलीच नाही. मुलीच्या लग्नाला अडचण येईल म्हणून ही गोष्ट घराबाहेर जाऊ दिली नव्हती. पुढे दुखणे छातीत उतरले. आई म्हणाली, "आम्ही तिची गाठ झाकत बसलो, बाळ. तू झाकू नकोस." दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांकडे गेलो.

येथे आपण क्षणभर थांबून मानेची रचना पाहू. आपल्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने लसिका नावाच्या पातळ द्रवाचे एक जाळे पसरलेले असते, आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी लहान लहान ग्रंथी, जणू नाकीच, बसविलेल्या असतात. अशा ग्रंथी शरीरात शेकडो आहेत, आणि त्यांतला मोठा वाटा एकट्या मानेत आहे. तोंड, नाक, घसा, दात, कान आणि डोक्याची त्वचा या मार्गांनी जे जंतू आत शिरू पाहतात, त्यांची झडती या नाक्यांवर होते. झडतीचे काम वाढले की ग्रंथी फुगते आणि दुखते. पायाला जखम झाली असता जांघेत अवधाण येते हे आपल्या खेड्यांतील आजीबाईंना ठाऊक होते. मानेतील बहुतेक गाठी हे तसलेच अवधाण होय. मुलाचा घसा बसला, दात किडला, केसांत उवा होऊन टाळूवर फोड आले, की मानेत गाठ येणारच. मूळ विकार बरा होताच ती दोन-तीन आठवड्यांत ओसरते. ही झाली सुरगाठ.

दुसरा वर्ग गंडमाळेचा. येथे क्षयाचे जंतू लसिकाग्रंथींत ठाण मांडतात. क्षय म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे खोकला येतो. परंतु फुप्फुसाबाहेर होणाऱ्या क्षयात मानेतील ग्रंथींचा क्षय आपल्या देशात फार आढळतो. गाठी सावकाश वाढतात, बहुधा दुखत नाहीत, एकमेकींना चिकटून माळेसारख्या होतात. कधी संध्याकाळचा बारीक ताप, कधी रात्री घाम, कधी वजनात घट. आणि कधी यांपैकी काहीच नसते. आत पू झाला तरी वरची कातडी इतर गळवांसारखी तापत नाही. अशी गाठ वरवर चिरली तर जखम वाहतच राहते. मावशीच्या मानेवर जे झाले ते हेच.

तिसरा वर्ग गलगंडाचा. गळ्याच्या पुढच्या बाजूस, श्वासनळीला बिलगून, फुलपाखराच्या आकाराची अवटु ग्रंथी असते. तिलाच आपण थायरॉइड म्हणतो. तिची ओळख सोपी आहे. आरशासमोर बसून पाण्याचा घोट गिळावा. गाठ गिळण्याबरोबर वर-खाली झाली, तर ती बहुधा या ग्रंथीची. अन्नात आयोडीन कमी पडले म्हणजे ही ग्रंथी मोठी होते. परंतु इतर कारणांनीही तीत गाठी होतात. त्यांतल्या बहुसंख्य निरुपद्रवी असतात. मात्र त्या तशा आहेत हे तपासणीने ठरवायचे असते, अंदाजाने नव्हे.

चौथा वर्ग कर्करोगाचा, आणि त्याचे नाव घेण्यास आपण कचरतो म्हणूनच ते येथे स्पष्ट घेतो. तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारी यांची सवय आपल्या लोकांत खोल मुरलेली आहे. जिभेवरचा किंवा गालातला व्रण दुर्लक्षित राहतो, आणि पहिली जाणीव होते ती मानेतल्या टणक गाठीने. तेथे गाठ हे मूळ नव्हे, मूळ तोंडात किंवा घशात असते. म्हणून नुसती गाठ काढून भागत नाही. डॉक्टर तोंड उघडावयास लावतात ते याच कारणाने. खांद्याकडे जाणाऱ्या गळ्याच्या हाडावर, विशेषतः डाव्या बाजूस, गाठ आली तर तिचे मूळ पोटातही असू शकते. लसिकाग्रंथींचा स्वतःचा असाही एक कर्करोग आहे, आणि तो तरुणांनाही होतो. याखेरीज गालगुंड, लाळेच्या ग्रंथीतील खडा, चरबीचे मऊ आवाळू, जन्मतःच राहिलेल्या पोकळीतील पाण्याच्या गाठी, अशी आणखी कितीतरी कारणे आहेत. करवंदाएवढ्या वस्तूचे इतके अर्थ होऊ शकतात. आणि मी अडीच महिने बोटाने चाचपून त्यांतला एक निवडू पाहत होतो.

हे भेद ओळखण्याचा यत्न जुना आहे. सुश्रुताने आपल्या निदानस्थानातील एक संबंध अध्याय ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांना दिला, आणि त्यांची लक्षणे निरनिराळी सांगितली. युरोपात मात्र शतकानुशतके अशी समजूत होती की गंडमाळ राजाच्या हस्तस्पर्शाने बरी होते. पुढे इंग्रजीचा थोर कोशकार झालेला सॅम्युअल जॉन्सन लहानपणी या व्याधीने पीडित होता. १७१२ साली त्याला लंडनला नेऊन राणी ॲनचा स्पर्श घडविला. गुण काही आला नाही, आणि त्याच्या मानेवरचे व्रण जन्मभर राहिले. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख याने १८८२ साली दाखविला, आणि त्याला मारणारी औषधे विसाव्या शतकाच्या मध्यावर हाती आली. तेव्हा राजस्पर्शाला हसण्यापूर्वी आपण आपल्या मंतरलेल्या दोऱ्याकडेही पाहावे. ज्ञान नसते तेथे माणूस हाताला लागेल त्याचा आधार घेतो. ज्ञान असूनही दोराच बांधला, तर मात्र तो अपराध होय.

ज्ञान आले म्हणजे काय घडते, याचे एक उदाहरण मुनिरक्याहून थोड्याच अंतरावर आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गलगंडाचा जो अभ्यास केला, तो जगाने नावाजला. हिमालयाच्या पायथ्याशी, पावसाने आणि पुराने धुपलेल्या जमिनीत आयोडीन राहत नाही. ते जमिनीत नाही म्हणून पिकात नाही, आणि पिकात नाही म्हणून माणसात नाही. कांगडा खोऱ्यात तिसऱ्या हिश्शाहून अधिक लोकांच्या गळ्यावर ही सूज होती. संशोधकांनी खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांना १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ दिले, एकात आयोडाइड मिसळलेले आणि एकात आयोडेट. तिसऱ्या भागात साधे मीठ चालू राहिले. १९६२ साली पाहिले तो पहिल्या दोन भागांतील गलगंड जवळजवळ निम्म्यावर आलेला, आणि तिसऱ्यात होता तसाच. मग त्या तिसऱ्या भागालाही तेच मीठ सुरू केले, आणि तेथेही रोग हटू लागला. हा वृत्तान्त १९७३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला. त्यावरील लेखकांच्या नावांत देव आणि करमरकर ही दोन नावे आहेत, हे सांगताना मराठी माणसाला थोडे बरे वाटले तर ते क्षम्य मानावे.

त्याच १९६२ साली सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. पुढे कळून आले की आयोडीनच्या अभावाने नुसता गळाच सुजत नाही; गर्भातील बालकाच्या मेंदूची वाढ खुंटते, बहिरेपण आणि बुद्धिमांद्य येते. म्हणून १९९२ साली कार्यक्रमाचे नाव बदलून 'आयोडीन न्यूनता विकार' असे व्यापक करण्यात आले. खाण्यासाठी साधे मीठ विकण्यावर १९९८ साली बंदी आली, २००० साली ती उठली, आणि २००६ साली पुन्हा लागू झाली. प्रौढ माणसाला दिवसाला लागते ते अवघे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन, म्हणजे सुईच्या अग्रावर मावेल एवढे. परंतु ते रोज हवे. महाराष्ट्रातील श्रोत्यांना येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. समुद्राच्या पाण्यापासून केलेले मीठ, तेव्हा त्यात आयोडीन असणारच, असा आपला समज असतो. मिठागरातील खडे मिठात ते नाममात्रच उरते. मासळीत आयोडीन मिळते, साध्या मिठात नाही. आणि पुडीवर छापलेले आयोडीनही दमट हवेत, उघड्या बरणीत टिकत नाही. मिठाची बरणी झाकून ठेवावी, हा आजीचा नियम शास्त्राला धरून होता. मात्र मीठ हा प्रतिबंध आहे, औषध नव्हे. जुन्या, गाठाळ गलगंडावर जादा आयोडीन घेत बसणे उपयोगाचे तर नाहीच, क्वचित अपायाचे आहे.

आता माझ्या गाठीकडे वळतो. डॉक्टरांनी प्रथम बोटांनी पाहिले, मग तोंड, घसा आणि दात पाहिले, आणि छातीचे चित्र काढविले. नंतर बारीक सुईने गाठीतले दोन थेंब काढून घेतले. सुई टोचल्याने गाठ चिडते आणि पसरते, असा एक समज लोकांत रूढ आहे. त्यात तथ्य नाही. चार मिनिटांचे ते काम. त्यासाठी मी अडीच महिने घालविले होते. निदान झाले क्षयाचे. फुप्फुसे स्वच्छ होती, त्यामुळे माझ्यापासून घरच्यांना संसर्गाची धास्ती नव्हती. सहा महिने रोज औषध घ्यावयाचे. सरकारी केंद्रावर ते विनामूल्य मिळते. लघवीला नारिंगी रंग येईल, तेव्हा भिऊ नका. मध्येच एखादी गाठ थोडी वाढलेली दिसेल, तेवढ्यावरून औषध लागू पडत नाही असे समजू नका. आणि गाठ विरली म्हणून औषध सोडू नका. अशा तीन सूचना डॉक्टरांनी दिल्या.

औषधाच्या केंद्रावर बाकावर माझ्या शेजारी एक तरुण बसे. रात्रपाळीचा पहारेकरी, मुनिरका गावातील एका अंधाऱ्या खोलीत चौघांबरोबर राहणारा, मूळचा डोंगराकडचा. त्याच्याही मानेत गाठी होत्या. आम्ही हवापाण्याच्या गोष्टी करीत असू. एकदा तो म्हणाला, "साहेब, खोलीच्या मालकाला कळले तर खोली जाईल." मी मान डोलावली. मी माझ्या कचेरीत काय सांगितले आहे, हे त्याला सांगितले नाही. कारण मीही काहीच सांगितले नव्हते. दर वेळी रजेच्या अर्जावर मी 'घरगुती काम' असे लिहीत होतो. आम्ही एकमेकांना नावही विचारले नाही. दोघेही जणू योगायोगाने तेथे आलो होतो.

तिसऱ्या महिन्यात त्याची गाठ बरीच उतरलेली दिसली. त्याने ती मला आनंदाने दाखविली. त्यानंतर तो आला नाही. पुढच्या वेळीही नाही. केंद्रावरच्या बाईंना मी विचारले, त्या म्हणाल्या, "कोण? नाव सांगा." माझ्यापाशी नाव नव्हते. त्या आपल्या यादीवरून न आलेल्यांना फोन करीत होत्या. त्यांनी त्यालाही केला असेल, तो गावी जाऊन तेथील केंद्रावर औषध घेत असेल, असे मी मनाला सांगत आलो आहे. परंतु एवढे खरे, की एका बाकावर बसणाऱ्या दोन माणसांपैकी एकाने जरी उघडपणे नाव सांगितले असते, तरी दुसऱ्याला शोधता आले असते. त्याला लपविण्यास कारण होते. त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाणार होते. माझे काय जाणार होते? फक्त ऐट.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत माझ्या वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना सांगून टाकले. दोघे-तिघे काही दिवस जरा दूर बसले. आणि एका आठवड्याने आमच्या शाखेतला शिपाई दार लोटून आत आला, व हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या मुलीच्या मानेत चार महिन्यांपासून गाठ आहे. कोठे दाखवावी?" चार महिने तो माणूस रोज माझ्या टेबलावर चहा ठेवीत होता.

श्रोतेहो, म्हणून थोडक्यात सांगतो. मानेतली गाठ तीन आठवड्यांत ओसरली नाही. ती टणक किंवा एका जागी घट्ट बसलेली असली, वाढत चालली. तिच्याबरोबर आवाज घोगरा झाला, गिळताना अडू लागले, तोंडातला व्रण भरेना, रोजचा ताप किंवा रात्रीचा घाम येऊ लागला, वजन उतरले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. श्वास कोंडू लागला, तर त्याच घटकेला. चाळिशी उलटलेल्यांनी आणि तंबाखू खाणाऱ्यांनी तर अधिकच तत्पर असावे. चोळू नये, डागू नये, लेपांवर दिवस घालवू नयेत, आणि नेमके निदान झाल्यावाचून चिरूही देऊ नये. बहुतेक गाठी साध्या निघतात. ज्या साध्या नसतात, त्यांवरही आज वेळेवर उपाय चालतो. गंडमाळ औषधाने बरी होते. अवटु ग्रंथीचे बहुतेक कर्करोगसुद्धा लवकर सापडले तर बरे होतात.

माझी गाठ सहाव्या महिन्यात विरली. शिपायाच्या मुलीची साधीच निघाली. किडलेल्या दाढेमुळे आलेली. आई वाईला परत गेली, आणि जाताना मावशीचा तो फोटो माझ्याकडे ठेवून गेली. तो मी बैठकीत लावला आहे. येणारे-जाणारे विचारतात, या कोण? मी सांगतो, आणि पदर मानेभोवती का आहे, तेही सांगतो. शरीरातल्या गाठींपैकी सुरगाठी पुष्कळ आणि निरगाठी थोड्या असतात. परंतु सुरगाठीचीही निरगाठ करून ठेवण्याचे सामर्थ्य एका गोष्टीत आहे, आणि ती म्हणजे आपले मौन.